कोल्हापूर ते न्हावा शेवा: गोठवलेल्या मालाचा रीफर कंटेनर कसा भरावा

रीफर म्हणजे थंड करणारं मशीन बसवलेला कंटेनर. त्याच्याकडून एकच अपेक्षा धरावी: थंड असलेला माल थंड ठेवणं. उणे दहावर भरलेलं स्वीट कॉर्न वाटेत उणे अठरावर येईल, या भरवशावर राहिलात तर माल परत येणारच. मशीनची हवा थप्पीच्या भोवतीनं फिरते, खोक्यांच्या पोटात शिरत नाही. बाहेरचे थर लवकर थंड होतात, पण मधल्या खोक्यांना कित्येक दिवस लागतात. दुबईच्या जेबेल अलीला जहाज काही दिवसांतच लागतं, म्हणजे तिथे माल उतरेल तेव्हा मधला भाग अजून पुरेसा थंड झालेला नसेल. म्हणून खालची सगळी खबरदारी कंटेनर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कारखान्याच्या दारात उभा असतानाच घ्यायची आहे.

रिकामा कंटेनर आल्यावर

रिकामा रीफर न्हावा शेवा बंदराजवळच्या यार्डातून घाट चढून येतो. तो परत पाठवायचा झाला तर दोन दिवस जातात, तरीही खराब कंटेनर घेऊ नका. प्रवासापूर्वीच्या तपासणीचं, म्हणजे पीटीआयचं, स्टिकर आणि त्यावरची तारीख बघा. एका माणसाला आत उभं करून दारं लावा. कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर तिथून गरम हवा शिरणार. दाराचं रबर बोटानं चाचपा, कडक झालेलं किंवा फाटलेलं चालत नाही. मासळी, कांदा किंवा रसायनाचा वास येतो का, तेही बघा. हा वास खोक्यात उतरतो.

मग जमिनीकडे बघा. रीफरची जमीन सपाट नसते, लांबीभर ॲल्युमिनियमच्या टी आकाराच्या पट्ट्या असतात. थंड हवा मशीनकडून याच खाचांतून दारापर्यंत येते आणि वरून परत जाते. आधीच्या मालाचा पुठ्ठा, प्लास्टिक, पट्टीचे तुकडे खाचांत अडकलेले असतील तर झाडूच्या काडीनं एकेक खाच मोकळी करून घ्या. अर्धा तास जातो, पण या खाचा तुंबल्या तर दाराकडच्या मालापर्यंत थंडी पोहोचतच नाही.

शेवटी मशीन चालू करून सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावलेलं तापमान, स्वतः वाचा. उणे चिन्ह न टाकता नुसतं १८ सेट होणं, किंवा सेल्सिअसच्या जागी फॅरनहाइट लावलेलं असणं, या चुका खरोखर होतात. शिपिंग लाइनकडचं बुकिंग, कंटेनरचा डिस्प्ले आणि बिल ऑफ लेडिंगचा (शिपिंग लाइन देते त्या मालाच्या पावतीचा) मसुदा, तिन्हीकडे 'उणे १८ अंश सेल्सिअस, हवेची झडप बंद' असंच हवं. ही झडप बाहेरची ताजी हवा आत घेण्यासाठी असते. डिस्प्लेचा फोटो काढून ठेवा.

भरण्याआधी थंड करायचा का?

तुमच्या कोल्ड स्टोअरच्या दाराला कंटेनर घट्ट चिकटेल असा डॉक असेल, तर जरूर करा. उघड्या अंगणात भरणार असाल तर मुळीच करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा पाण्यानं भरलेली असते. गार कंटेनरचं दार उघडलं की तीच हवा आत शिरते, भिंतींवर दव धरते, मशीनच्या कॉइलवर बर्फ होऊन बसते आणि हवेचा रस्ता अडतो. पुढे मशीन वारंवार तो बर्फ वितळवत बसते आणि माल मात्र तापत राहतो. याच कारणानं भरताना मशीन बंद ठेवायचं आणि दारं लावली की लगेच सुरू करायचं. भरणी पहाटे ठेवा. बाहेर खोक्यांची रांग लावू नका. हमाल जेवढे लगेच आत लावतील तेवढेच खोके कोल्ड स्टोअरमधून बाहेर काढा. थांबायचं झालं तर दार लोटून घ्या.

तापमान मोजणं

लेझरची गन फक्त पृष्ठभाग मोजते, पुठ्ठ्यावर मारलेलं तिचं माप कामाचं नाही. सळईचा थर्मामीटर घ्या. सळई आधी एका खोक्यात खुपसून गार करा, मग दुसऱ्या खोक्यात मधल्या दोन पिशव्यांच्या मध्ये सरकवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पहिल्या ओळी, मधल्या ओळी आणि दाराजवळच्या ओळी, तिन्हींचे आकडे वेळेसकट लिहा. उणे अठरा किंवा त्याखाली असेल तरच भरायचं. शक्य असेल तर माल आणखी दोन-तीन अंश खाली नेऊन ठेवा, कारण भरताना थोडं तापमान चढतंच.

पिशवी हातात घेऊन हलवूनही बघा. नीट गोठवलेले कॉर्नचे दाणे सुटे खुळखुळतात. गड्डा झाला असेल किंवा पिशवीच्या आत बर्फाचा चुरा दिसत असेल, तर तो माल मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. तो कंटेनरमध्ये चढवू नका. खरेदीदाराचा माणूसही हीच पिशवी हलवून बघणार आहे.

थप्पी कशी लावायची

गोठवलेला माल श्वास घेत नाही, त्यामुळे खोके एकमेकांना घट्ट चिकटवून एकसंध ठोकळा करायचा. मध्ये फट ठेवली तर हवा तिथूनच पळते आणि बाकीच्या भागाला थंड हवा मिळत नाही. वर भिंतीवरच्या लाल रेघेच्या पुढे एकही खोका नको, ती परतीच्या हवेची जागा आहे. दाराकडे टी-पट्ट्या जिथे संपतात तिथेच थप्पी संपवा. माल कमी पडून जमीन उघडी राहिली तर जाड पुठ्ठ्यानं झाका, नाहीतर हवा तिथूनच वर उठून मशीनकडे परत जाते.

चाळीस फुटी हाय-क्यूबमध्ये, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये, १००० बाय १२०० मिलिमीटरचे २० ते २१ पॅलेट (खोके रचायचे पाट) बसतात. हातानं खोके रचले तर जास्त माल जातो. लाकडी पॅलेट वापरलेत तर त्यावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, म्हणजे लाकडातली कीड मारायची मान्य प्रक्रिया झालेली असावी, जसं की गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता. डेटा लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, दाराजवळच्या वरच्या थरात ठेवा. सगळ्यात आधी तापते ती तीच जागा.

केळी, द्राक्षं, डाळिंबं यांचं गणित वेगळं आहे. फळं जिवंत असतात आणि उष्णता सोडतात, म्हणून भोकांचे खोके, भोकावर भोक येईल असे रचायचे आणि हवेची झडप ठरल्याप्रमाणे उघडी ठेवायची. केळी १३ अंशांच्या आसपास. त्याखाली गेली की साल काळवंडते. द्राक्षं शून्य अंशाच्या जवळ. ही दोन्ही एका कंटेनरात घालता येत नाहीत. गुळाला मात्र रीफरचा खर्च करू नका, कोरडा कंटेनर पुरतो.

कागद आणि रस्ता

आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), अपेडा या शेतमाल निर्यात संस्थेची नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कस्टम्सचं शिपिंग बिल हे ठरलेलंच. आरोग्य किंवा फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं का, हे देश आणि मालावर ठरतं. खरेदीदाराकडून लेखी यादी मागवा. अमिरातीशी १ मे २०२२ पासून सीईपीए हा व्यापार करार लागू आहे, त्याचं मूळ देशाचं प्रमाणपत्र घेतलं तर तिथे आयातकराची सवलत मिळू शकते. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यात माल, खोके, पॅलेट आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन, सगळं धरायचं.

न्हावा शेवा इथून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत खंबाटकी आणि बोरघाट. ट्रेलरवर जेनसेट, म्हणजे मशीनला वीज देणारं डिझेल जनित्र, हवाच. निघताना डिझेलची टाकी भरलेली आहे हे डोळ्यांनी बघा आणि ड्रायव्हरला सांगा की प्रत्येक थांब्यावर डिस्प्लेचा फोटो पाठव. दार बंद असेल तर गोठवलेला माल तास-दोन तासांची वीजबंदी सहन करतो, रात्रभराची नाही. गेट कट-ऑफच्या, म्हणजे त्या जहाजासाठी बंदरात कंटेनर घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, एक दिवस आधी पोहोचायचा हिशेब धरा. जहाज चुकलं तर बंदरातल्या प्लगचं (रीफरला वीज देण्याचं) भाडं दिवसागणिक चढतं.

विम्यात मशीन बिघाडाचं कलम वाचा. इन्स्टिट्यूट फ्रोझन फूड क्लॉजेस (ए) या गोठवलेल्या मालाच्या विम्याच्या ठरीव कलमांमध्ये मशीन सलग २४ तास बंद असेल तरच त्या बिघाडाची भरपाई मिळते, त्यामुळे आठ तासांच्या बिघाडाचा दावा बसत नाही.

तिकडे माल तापलेला निघाला तर खरेदीदारानं दारं लोटून मशीन चालूच ठेवायचं, सील आणि डिस्प्लेचे फोटो काढायचे, शिपिंग लाइनसह संयुक्त सर्व्हे मागायचा आणि मशीनच्या आतल्या नोंदी उतरवून घ्यायच्या. वरवर न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना बहुतेक बिल ऑफ लेडिंगनुसार ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते. भरतानाचे तापमानाचे आकडे, लॉगर आणि फोटो तेव्हा हाताशी असतील, तरच माल तुमच्या दारात गार होता हे दाखवता येईल.