एममॅप करताना ऑफसेट पानाच्या सीमेवर कसा आणायचा

समजा, रावेरच्या केळीभावांची मोठी फाईल मेमरीत मॅप करायची आहे आणि हवी ती ५०० बाइटची नोंद १०,००० व्या ऑफसेटपासून (फाईलच्या सुरुवातीपासूनचे बाइटमधले अंतर) सुरू होते. हाच आकडा थेट एममॅपला (mmap, फाईल मेमरीत मॅप करणारे फंक्शन) दिला, तर लिनक्स कर्नल ‘अवैध आर्ग्युमेंट’ म्हणून परत पाठवतो. कारण मॅपिंग पानापानानेच होते; पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा. ऑफसेट पानाच्या आकाराच्या पटीतच लागतो.

आधी सिसकॉन्फला (sysconf, सिस्टिमची माहिती देणारे फंक्शन) पानाचा आकार विचारा. एक्स८६ (इंटेल-एएमडी) यंत्रांवर तो ४,०९६ बाइट असतो, पण काही आर्म यंत्रांवर १६,३८४ किंवा ६५,५३६ही. म्हणून आकडा कोडमध्ये कोरून ठेवू नका. १०,००० ला ४,०९६ ने भागल्यावर बाकी १,८०८. ऑफसेट ८,१९२ द्या, लांबी १,८०८ + ५०० = २,३०८ ठेवा आणि मिळालेल्या पॉइंटरमध्ये (मेमरीतल्या पत्त्यात) १,८०८ मिळवा. मॅपिंग सोडवणाऱ्या मनमॅपला (munmap) मात्र मूळ पॉइंटरच द्यायचा, इथे हमखास चूक होते.

५,००० बाइटच्या फाईलचे दुसरे पान फाईल संपते तिथून, म्हणजे ५,००० पासून ८,१९१ पर्यंत, शून्यांनी भरलेले दिसते. तिथे लिहिलेले फाईलमध्ये उतरत नाही. त्यापुढच्या मॅप केलेल्या पानाला हात लावला की सिगबस (SIGBUS, प्रोग्रॅम बंद पाडणारा सिग्नल)! फाईल वाढवायची तर आधी एफट्रंकेटने (ftruncate) तिचा आकार बदला.