खो-खोच्या मुली आणि फुटबॉलचं विजेतेपद: नव्याने संघात येणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ उभा राहतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या खेळांच्या मुलींवर. आमचाही तसाच होता. धाराशिव जिल्हा खो-खोचा. 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे इथल्याच. आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मॅडमनी संघ बांधायला घेतला तेव्हा बहुतेक जणी खो-खोच्या, दोघी हँडबॉलच्या आणि शाळेपासून फुटबॉल खेळलेली एकटीच. तोच संघ त्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिला आला. मी त्या संघाची गोलकीपर. ‘आम्हाला फुटबॉल कुठं येतंय’ म्हणून निवड चाचणीकडे न फिरकणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्हाला जे येतं त्यातलं बरंच फुटबॉलला लागतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, एवढं कळलं पाहिजे.

माझंच सांगते. खांबावर सूर मारणाऱ्या मुलीला जमिनीची भीती नसते. गोलकीपर तयार करताना ती भीती घालवण्यातच खूप वेळ जातो, तो आमचा वाचला. पण खो-खोतला सूर पुढे असतो, पळणारीच्या पाठीला बोटं लागेपर्यंत. गोलमध्ये सूर बाजूला मारायचा. आधी मांडीची बाहेरची बाजू, मग कंबर, मग खांदा टेकवायचा. कोपर आधी टेकलं की चेंडू हातातून सुटतो. गोलची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर, म्हणजे रेषेवर उभं राहून दोन्ही कोपरे सांभाळता येत नाहीत. फॉरवर्ड चेंडू घेऊन आली की दोन-चार पावलं पुढे येऊन तिच्यासमोरचा कोन लहान करायचा. इथे खो-खोतली घाई कामी येते.

पेनल्टीला (फक्त कीपर समोर असताना गोलवर मारायच्या फटक्याला) मात्र तीच घाई घात करते. चेंडू मारला जाईपर्यंत कीपरचा निदान एक पाय गोलरेषेवर किंवा तिच्या सरळ वर हवा. आधीच पुढे सरकून चेंडू अडवला तर पेनल्टी पुन्हा मारायला मिळते. मॅडम माझ्या मागे उभ्या राहून रोज ओरडायच्या, ‘टाच रेषेवर!’ उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींवर निकाल, लागला, तेव्हा खो-खोतली दुसरी एक सवय उपयोगी पडली. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की हुलकावणी देणारीच्या डोळ्यांकडे बघू नये, कंबरेकडे बघावं. पेनल्टी मारणारीचा टेकलेला पाय आणि कंबर कुठल्या बाजूला वळलीय, तिकडेच चेंडू जाण्याची शक्यता जास्त. दर वेळी असं होत नाही, पण त्या दिवशी दोन चेंडू मला त्यामुळेच सापडले.

बाकीच्यांचंही असंच. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. ती सवय डिफेन्समध्ये फार महाग पडते, म्हणून आमच्या डिफेन्सच्या मुलींचा निम्मा सराव वळण्याचा आणि मागे-मागे पळण्याचा असायचा. उलट, नऊ जणींना चुकवत पळणाऱ्या मुलींना विंगवर (मैदानाच्या कडेने पुढे जाण्याच्या जागेवर) काही शिकवावं लागलं नाही, चेंडू पायाजवळ ठेवण्याखेरीज.

मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटांना चिखलाचे गोळे लागून पाय उचलत नाही, आणि दिवाळीनंतर तीच जमीन तडकून चेंडू गुडघ्याच्या वर उडतो. सामने कोरड्या मैदानावर होणार हे माहीत असल्यामुळे आम्ही उडता चेंडू छातीवर आणि मांडीवर घेण्याचाच सराव धरला. नडगीचे गार्ड नियमाने सक्तीचे आहेत, ते सरावातही काढू नका.

घरचा प्रश्न मॅडमनी सोडवला. एका मैत्रिणीची आई कॉलेजात येऊन म्हणाली, ‘मॅडम, लेकरू परगावी जाणार, मुक्काम कुठं? सोबत कोण?’ मॅडमनी त्यांना मैदानावर बसवून सराव दाखवला, मुक्कामाचा पत्ता लिहून दिला. त्या काकूंनी पुढे आणखी दोन घरं समजावली. तुमच्या घरच्यांनाही एकदा मैदानावर आणा, याच्याइतकं दुसरं काही पटत नाही. पात्रता अर्जाची कागदं (दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, बोनाफाईड) आधीच काढून ठेवा. बाहेरच्या विद्यापीठातून आला असाल किंवा वर्ष वाया गेलं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

आमची स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की वर्ष संपलं. त्यामुळे आमचा हंगाम म्हणजे खरं तर सरावच, सामने अगदी थोडे. स्पर्धा छत्रपती संभाजीनगरला. येरमाळा, बीड, गेवराई करत एसटीने गेलो. लांबच्या प्रवासानंतर लगेच सामना असेल तर एक दिवस आधी पोचण्याचा हट्ट धरा.

अंतिम सामन्यातला एकमेव गोल थ्रो-इनवर, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकण्यावर, आला. हँडबॉलवाल्या मुलीचा हात लांब, पण तिला एका हाताने फेकायची सवय. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हातांनी डोक्यामागून डोक्यावरून, हे तिच्याकडून रोज घोटून घेतलं होतं. एरवी पास दिला जाताना डिफेन्सच्या मागे उभी असलेली ऑफसाइड ठरते, पण थेट थ्रो-इनवर ऑफसाइड धरत नाहीत. म्हणून आमची विंगर निवांत डिफेन्सच्या मागे जाऊन उभी राहिली. चेंडू तिच्या पुढ्यात पडला आणि तिने तो नुसता आत ढकलला. समोरच्या मुली हात वर करून ऑफसाइड मागत राहिल्या. नियमांचं पुस्तक वाचा असं मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते ते याचसाठी.

जिंकल्यावर सगळा संघ विद्यापीठाच्या संघात जात नाही. वेगळी निवड चाचणी होते, मग शिबिर, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे वयाची अट 17 ते 25. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेचा स्तर आणि क्रमांक पाहतात, प्रमाणपत्राची पडताळणी होते. कॉलेजच्या विजेतेपदावर ते आपोआप मिळत नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्यातली एक आता बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करतेय. दोघी पोलीस भरतीच्या तयारीत आहेत. 800 मीटरच्या धावण्याची त्यांना काळजी नाही, गोळाफेकीवर मेहनत चालू आहे. आणि ती हँडबॉलवाली मुलगी सध्या शाळेतल्या पोरींना थ्रो-इन शिकवते.