'मला यश मिळालं' इंग्रजीत कसं सांगायचं?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे बोलण्याच्या भागाची, पहिली सराव परीक्षा दिली तेव्हा मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला, तिथे नर्स म्हणून नोंदणीसाठी, लेखनात ६.५ आणि वाचन, ऐकणं, बोलणं या बाकी तिन्हींत ७ बँड (म्हणजे गुण) लागतात, त्यासाठी सगळी धडपड. कार्डावर विषय आला: अभिमान वाटावा असं तुमचं एखादं यश. दोन मिनिटांत मी चार वेळा 'आय गॉट सक्सेस' म्हणाले. सराव घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण तू केलंस काय?"

मग मी मराठीत सांगितलं. नाईट ड्युटी होती. जुलाबांनी पार सुकलेलं अकरा महिन्यांचं बाळ, कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, घालायला शीर काही सापडत नव्हती. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. मॅडमनी माझ्या वहीत लिहिलं, 'आय मॅनेज्ड टू इन्सर्ट द कॅन्युला.' आणि 'जमलं' या शब्दाखाली रेघ ओढली.

त्या रेघेने मला बरंच शिकवलं. मराठीत यश 'मला' मिळतं, काम 'माझ्या हातून' होतं, 'मला' जमतं. राबते मीच, पण वाक्याचा कर्ता मी नसते. तीच घडण उचलून इंग्रजीत ठेवली की 'आय गॉट सक्सेस' तयार होतं. इंग्रजीत 'आय' पुढे येतो आणि त्याने काय केलं ते क्रियापदाला सांगावं लागतं. म्हणून नवीन मुलींना मी सांगते, आधी प्रसंग मराठीत लिहा आणि त्यातलं क्रियापद शोधा.

'मॅनेज्ड टू'मध्ये अडचण आली होती हे आपोआप कळतं. इथे आपण सर्रास 'कुड' वापरतो, आणि ते चुकतं. 'आय कुड स्विम' म्हणजे मला तेव्हा पोहता येत असे. एकाच प्रसंगात जमलेल्या कामाला 'मॅनेज्ड टू' किंवा 'वॉज एबल टू' हवं. नकारात मात्र 'कुडन्ट' बिनधास्त वापरा.

'सक्सीड'नंतर 'इन' येतं आणि त्यापुढे आयएनजीचं रूप: 'आय सक्सीडेड इन कामिंग द मदर', म्हणजे बाळाच्या आईला शांत करण्यात मला यश आलं. 'सक्सीड टू' म्हटलं तर अर्थ गादीवर बसण्याकडे, वारसा मिळण्याकडे जातो. लेखनासाठी 'सक्सेसफुल'चं स्पेलिंग एकदा घोटून घ्या: दोन सी, दोन एस, पण शेवटी एकच एल.

'अचीव्ह' ध्येय, टार्गेट, निकाल यांच्याबरोबर शोभतं. 'अकम्प्लिश' हाती घेतलेलं काम तडीस नेलं तर. 'पुल्ड इट ऑफ' बोलण्यातलं आहे. होईल असं कुणाला वाटत नव्हतं आणि करून दाखवलं, अशा वेळी ते छान बसतं, पण अर्जात लिहू नका. 'स्क्रेप्ड थ्रू' म्हणजे आपलं काठावर पास. त्याच्या दुसऱ्या टोकाला 'विथ फ्लाइंग कलर्स'. यातले कलर्स म्हणजे जहाजावरचे झेंडे. लढाईत शरण जाणारं जहाज झेंडा उतरवत असे, म्हणून फडकत्या झेंड्यांनिशी परतणं म्हणजे दणक्यात पास होणं. हे चित्र डोळ्यांपुढे आल्यापासून तो वाक्प्रचार मी विसरले नाही.

मला सर्वात आवडतो तो 'पेड ऑफ'. 'माय हार्ड वर्क पेड ऑफ', कष्टाचं चीज झालं. इथे इंग्रजीसुद्धा आपल्यासारखंच 'मी'ला कर्ता करत नाही.

एक शब्द मात्र इथेच सोडून जा. 'आय पास्ड आऊट इन २०१९' हे आपल्या कॉलेजात सगळे म्हणतात, पण ब्रिटनमध्ये 'पास्ड आऊट' म्हणजे बेशुद्ध पडले. नर्सने मुलाखतीत तर हे बोलूच नये. 'आय ग्रॅज्युएटेड' किंवा 'आय क्वालिफाइड ॲज अ नर्स' म्हणा.

आणखी एक सवय मोडायला मला वेळ लागला. स्वतःचं कौतुक नको म्हणून आपण 'आम्ही केलं' म्हणतो. वॉर्डात काम मिळूनच होतं, हे खरंच आहे. तरी मुलाखत घेणाऱ्याला तुमचा वाटा कळायला हवा. टीमचं नाव 'वी'ने घ्या आणि लगेच 'माय पार्ट वॉज टू...' असं पुढे बोला. यात बढाई नाही.

परीक्षेत कार्ड हातात आल्यावर तयारीला एक मिनिट मिळतं, कागद-पेन्सिलही देतात. मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. शब्दसंपत्ती हा गुणांच्या चार निकषांपैकी एकच, तेव्हा वाक्प्रचारांची माळ लावू नका. मी त्या मिनिटात तीन क्रियापदंच लिहिली होती: ट्राइड, फेल्ड, मॅनेज्ड. गोष्ट त्या बाळाचीच सांगितली. खरी होती, म्हणून शब्द शोधावे लागले नाहीत.

निकालात स्पीकिंगला ७.५ आले. गडहिंग्लजला फोन केला तर आई एवढंच म्हणाली, "नाव काढलंस गं." त्या रात्री वहीत तिच्या वाक्यासमोर लिहिलं, 'यू डिड अस प्राउड.'