दिव्यांग अपत्यासाठी खासगी ट्रस्ट आणि मृत्युपत्र कसे करावे

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘आपल्या माघारी याचे कोण बघणार’ हा प्रश्न पडला, की बहुतेक घरांत त्याचे उत्तर ‘त्याचा भाऊ बघेल’ असे येते आणि फ्लॅट, मुदत ठेवी, विम्याची रक्कम असे सगळे भावाच्या नावे लिहिले जाते. भाऊ मायाळू असला, तरी नावावर झालेली मिळकत कायद्याने त्याची होते. त्याच्यावर कर्ज झाले किंवा तोच आधी गेला, तर ती त्याच्या देणेकऱ्यांकडे अथवा वारसांकडे जाते आणि ज्याच्यासाठी ती ठेवली होती, त्याला हक्काने काही मागता येत नाही. उलट ती थेट दिव्यांग मुलाच्या नावे ठेवली, तर बँकेत सही कोण करणार, हा पेच उभा राहतो. म्हणून माणूस सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा यांना वेगळे ठेवणारी रचना हवी, आणि 1882 च्या भारतीय न्यास अधिनियमाखालचा खासगी ट्रस्ट ती देतो. त्यात मालमत्ता ट्रस्टींच्या (विश्वस्तांच्या) हाती असते, पण ती त्यांनी लाभार्थीसाठी, म्हणजे इथे त्या मुलासाठी, सांभाळायची असते.

पहिले काम मात्र ट्रस्टचे नाही, पालकत्वाचे आहे. मूल 18 वर्षांचे झाले, की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता अशा चार गटांतील प्रौढांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. अशा पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. आईवडिलांनी स्वतः हयात असतानाच ही नेमणूक करून घ्यावी.

त्यानंतर ट्रस्टपत्र. त्यात ट्रस्ट कोण करतो, कशासाठी करतो, लाभार्थी कोण आणि कोणती मालमत्ता ट्रस्टींच्या हाती दिली, या चारही गोष्टी निःसंदिग्ध असाव्या लागतात. ट्रस्टमध्ये स्थावर मिळकत असेल, तर ट्रस्टपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी अनिवार्य आहे. खासगी ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांशी संबंध नसतो, तेव्हा त्या कार्यालयात खेटे घालण्याचे कारण नाही. हयातीत फ्लॅट ट्रस्टच्या नावे करायचा, तर मुद्रांक शुल्काचा खर्च येतो. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना सोयीचा पडणारा मार्ग असा, की आज थोड्या रकमेचा ट्रस्ट करून त्याचा पॅन आणि बँक खाते काढावे आणि फ्लॅट व ठेवी मृत्युपत्राने त्याच ट्रस्टच्या ट्रस्टींना द्याव्यात. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्यांना मिळकतीतून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये.

ट्रस्टपत्राचा गाभा खर्चाच्या कलमात असतो आणि तिथे घाई करू नये. ‘मुलाच्या कल्याणासाठी खर्च करावा’ एवढे मोघम लिहिले, तर ट्रस्टींवर कसलाच अंकुश राहत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ट्रस्टींनी लाभार्थीचा निवास, आहार, औषधोपचार, मदतनीस आणि विरंगुळा यांचा खर्च संबंधित संस्थेस किंवा व्यक्तीस थेट द्यावा, लाभार्थी राहत असलेला फ्लॅट तो तेथे राहू शकतो तोवर विकू नये, आणि वर्षाचा हिशेब लाभार्थीच्या पालकास लेखी द्यावा.’ ट्रस्टी तीन असावेत. एक नात्यातला, एक मुलाला ओळखणारा पण नात्याबाहेरचा, आणि एक सनदी लेखापाल किंवा वकील, ही जोडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. प्रत्येकाच्या जागी पुढे कोण येणार, हेही तिथेच नमूद करावे.

मुलाच्या पश्चात उरलेली मिळकत कुणाकडे जाईल, हे ठरवताना मी विशेष काळजी घ्यायला सांगेन. जो पालक आहे, जो ट्रस्टी आहे आणि ज्याला शेवटी उरलेले मिळणार आहे, ती एकच व्यक्ती असेल, तर प्रत्येक खर्च कमी केल्याने तिचाच फायदा होतो. तिचा हेतू कितीही चांगला असला, तरी तिला अशा पेचात ठेवणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

करांबाबत एवढे लक्षात ठेवावे, की लाभार्थी एकटाच आणि त्याचा हिस्सा निश्चित असेल, तर व्यवसायाचे उत्पन्न वगळता ट्रस्टच्या उत्पन्नावर सामान्यतः त्याच्याच दराने कर लागतो. वाटप ट्रस्टींच्या मर्जीवर सोडले, तर एरवी सर्वोच्च दर लागू होतो. ट्रस्ट केव्हाही रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला, तर उत्पन्न आपल्याच नावे धरले जाते. आणि डोक्यावर देणी असताना ती बुडवण्यासाठी मिळकत ट्रस्टमध्ये टाकली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली देणेकरी ते हस्तांतरण रद्द ठरवून घेऊ शकतात.

सोसायटी, बँक आणि म्युच्युअल फंड यांतील नॉमिनीची नावे मृत्युपत्राशी जुळवून घ्यावीत. नॉमिनी हा सामान्यतः मालक नसून वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबाबत 2023 मध्येही स्पष्ट केले आहे. तरी नावे विसंगत असली, की वर्षानुवर्षे वाद चालतात. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी त्याचे नाव आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या नोंदीत आताच लावून घ्यावे.

शेवटी ट्रस्टपत्राला एक साधे पत्र जोडावे, ज्याला कायद्याचे बंधन नसले तरी नव्या ट्रस्टीला तेच सर्वांत उपयोगी पडते: रात्री कोणती गोळी किती वाजता द्यायची, कोणत्या आवाजाला तो घाबरतो, ताकभात नसला तर तो जेवत नाही, कोणत्या मावशीकडे तो आनंदाने राहतो, दुखले तर तो कसे सांगतो. हे पत्र दर वाढदिवसाला नव्याने लिहावे आणि त्याची एक प्रत पालकाकडे, एक ट्रस्टींकडे द्यावी.