दवबिंदू गोठण्याच्या रात्री : महाबळेश्वर परिसरातील स्ट्रॉबेरीसाठी सल्ला

वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसतात, त्याच पहाटे गावातला तापमापक पाच-सहा अंश किंवा त्याहूनही जास्त दाखवतो. दोन्ही खरे असते. वेधशाळेचा तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. स्ट्रॉबेरीचे पान मात्र जमिनीलगत, उघड्यावर असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की ते आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही थंड होते. त्यातच थंड हवा उतारावरून वाहत येऊन सखल रानात साचते. म्हणून साधा तापमापक तुमच्या सगळ्यात खोलगट प्लॉटमध्ये, पानांच्या उंचीवर, उघडा ठेवा आणि निर्णय त्याच्यावरच घ्या. उताराच्या खालच्या बाजूला दाट कुंपण असेल तर त्यात फट ठेवा, म्हणजे थंड हवा पुढे निघून जाईल.

तलाव गोठत नाही, कारण वरचे पाणी गार झाले की जड होऊन खाली जाते. ४ अंशांपर्यंत ही उलथापालथ चालते, त्यामुळे एवढ्या पाण्याला एका रात्रीत गोठणे जमत नाही. पानावरच्या दवाच्या थेंबाला असा साठाच नसतो. दव म्हणजे क्षार नसलेले गोडे पाणी, ते ० अंशाला गोठू शकते. पेशीतल्या रसात साखर आणि क्षार असल्याने तो थोडा उशिरा गोठतो, पण उमललेले फूल शून्याखाली जेमतेम एक अंश सोसते. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र दिसल्या तरी फुलाचा मधला भाग काळा पडला असेल, तर त्या फुलाचे फळ धरू नका.

समुद्राचे पाणी गोठत नाही, मग फवाऱ्यात मीठ टाकले तर? कृपा करून असे करू नका. लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणीही उणे १.८ अंशाला गोठतेच, म्हणजे एवढ्या मिठाने दोन अंशही मिळत नाहीत. उलट स्ट्रॉबेरी हे क्षारांना सर्वात नाजूक पिकांपैकी एक आहे, पाने त्या मिठानेच करपतील. ०:०:५० हे पालाशचे (पोटॅशचे) विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम फवारल्याने थेंबाचा गोठणबिंदू पाव अंशानेही खाली जात नाही. पालाश पिकाच्या पोषणासाठी द्या, त्या रात्रीचा उपाय म्हणून नको.

खरा उपयोग साध्या पाण्याचा आहे. दुपारीच ठिबक चालवून बेड ओलसर करा. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री परत देते. सरीत वाळलेले गवत जाड अंथरू नका, त्याने मातीची ऊब खालीच अडकते. क्रॉप कव्हर सूर्य मावळण्याआधी, कमानींवर ताणून टाका. कापड पानाला टेकले तर तिथेच इजा होते. सकाळी ऊन आल्यावर ते काढा, मधमाश्यांना फुले मोकळी मिळाली पाहिजेत.

तुषार सिंचनाबाबत फार सावध राहा. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता देते, त्यामुळे सतत ओल्या राहणाऱ्या बर्फाखालचे फूल शून्याच्या आसपास टिकते. पण तेच एक ग्रॅम पाणी वाफ होताना ६०० कॅलरींच्या आसपास ओढून घेते. पहाटे वीज गेली आणि तुषार मध्येच थांबले, तर काहीच न केलेल्या प्लॉटपेक्षा नुकसान जास्त होऊ शकते. सूर्योदयानंतर बर्फ वितळेपर्यंत पंप चालेल, याची खात्री नसेल तर तुषार सुरूच करू नका. कव्हरवर भर द्या. शेकोट्या करायच्याच असतील तर लहान आणि अनेक करा. उपयोग उष्णतेचा असतो, धुराचा फारसा नाही. वाळलेल्या गवतापासून त्या दूर ठेवा.

हिमकण पडल्यावर रोपांना हात लावू नका, पाने आपोआप सैल होऊ द्या. दोन दिवसांनी काळी फुले आणि मऊ पडलेली फळे खुडून प्लॉटबाहेर न्या, नाहीतर करडी बुरशी तिथूनच सुरू होते. रोपाचा गाभा हिरवा असेल तर नवी फुले येतात. फुलापासून फळाला साधारण महिना लागतो, त्या हिशेबाने तोडणीचे आणि मजुरांचे नियोजन पुढे सरकवा.