दोन भाषांच्या घरात बाळाला हाका आणि बाळबोली कशी शिकवायची

आई मराठी, बाबा तेलुगू (किंवा उलटं), आणि बाळ सहा-सात महिन्यांचं होऊन बा-बा-बा मा-मा-मा सुरू झालं असेल तर आत्ताच एकदा घरातल्या सगळ्यांनी बसून कोणाला काय हाक मारायची ते ठरवून टाका. नंतर बदलणं फार जड जातं, कारण एकदा पोराच्या तोंडात बसलेली हाक आजी-आजोबासुद्धा सोडायला तयार नसतात, आणि का सोडावी, किती वाट बघितलेली असते त्यांनी. मी हैदराबादमधल्या आमच्या मराठी-तेलुगू घराचं उदाहरण घेऊन लिहितेय, पण मराठी-कन्नड, मराठी-गुजराती घरांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी हे समजून घ्या की गोंधळ होतो कुठून. बाळाला सुरुवातीला ओठांचे आवाज जमतात, म ब प, मग त द न, आणि र-श वगैरे फार उशिरा. त्यामुळे जगातल्या कितीतरी भाषांनी आई-वडील-आजोबांचे शब्द याच मूठभर आवाजांतून केलेत. रोमान याकोबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी असं मांडलं होतं की दूध पिताना तोंड बंद असतं, तेव्हा बाळ नाकातून जो हुंकार देतं त्यातूनच आईसाठीचा 'म' आला. आता आवाज तेच पण अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. चिनीत नि इटालियनमध्ये मामा म्हणजे आई, आपल्याकडे आईचा भाऊ, आणि जॉर्जियनमध्ये तर मामा म्हणजे चक्क वडील आणि देदा म्हणजे आई!

तर पहिलं काम, एका माणसाला एकच हाक, आणि ती त्या माणसाच्या स्वतःच्या भाषेतली. वडील तेलुगू असतील तर 'नान्ना', आई मराठी तर 'आई'. आई स्वतःबद्दल बोलताना 'आई आली', नान्ना स्वतःबद्दल 'नान्ना', आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईनेही मराठीत बोलताना त्यांना नान्नाच म्हणायचं, 'बाबांकडे जा' म्हणायचं नाही. कारण तेलुगूत वडिलांच्या धाकट्या भावाला 'बाबाय' म्हणतात, आणि वर्षाच्या मुलाला बाबा आणि बाबाय वेगळे ऐकू येतील ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या घरात 'बाबा' आधीच पक्कं झालंय तिथे काकालाच सरळ काका म्हणा, कोणी नाराज होत नाही, फक्त आधी विचारा.

आजीच्या बाबतीत मात्र दोन भाषांचा मस्त फायदा होतो. मराठीत दोन्हीकडची आजी आजीच, मग आपण पुण्याची आजी, नाशिकची आजी असं करत बसतो. तेलुगूत आईची आई अम्मम्मा आणि वडिलांची आई नानम्मा असे वेगळे शब्दच आहेत. त्यामुळे आमच्याकडे आईकडची 'आजी' आणि वडिलांकडची 'नानम्मा', प्रश्न मिटला. आजोबांना तेलुगूत 'तात' म्हणतात, ते आपल्या 'टाटा'च्या फार जवळ जातं, म्हणून बाहेर जाताना टाटाऐवजी 'अच्छा' किंवा 'बाय' करायला शिकवलं तर बरं.

आता खाणं-झोपणं. इथे एक शब्द अगदी जपून वापरा, तो म्हणजे बुवा. तेलुगूत लहान मुलांच्या भाताला, जेवणाला 'बुव्व' म्हणतात. नानम्मा प्रेमाने वाटी घेऊन बुव्व बुव्व करत येणार आणि आपल्याकडचं कोणीतरी 'झोप नाहीतर बुवा येईल' म्हणणार, त्या लेकराने काय समजायचं? माझं तर स्पष्ट मत आहे की बागुलबुवाच घरातून काढून टाका, दोन भाषा असोत नसोत, भीती घालून झोपवूच नये. तसंच 'पापा' आपल्याकडे पापी, तेलुगूत लहान मुलगी, हिंदीत वडील, तेव्हा 'पापा दे' ऐवजी 'पापी दे' चालवा. आणि जे शब्द दोन्हीकडे जुळतात ते भरपूर वापरा, जोजो दोन्हीकडे आहे, चंद्र दोन्हीकडे मामाच आहे, अक्का आणि अण्णा तर आपल्या कितीतरी घरांत आहेतच. दोन्ही आज्यांना एकत्र बसवायला हे शब्द फार कामाला येतात.

बाळबोली बोलावी का, यावर घराघरात वाद असतो. बिनधास्त बोला. मंमं, दुदू, भुर्र, माऊ, हम्मा, बाऊ हे शब्द मोठ्यांनीच पिढ्यान्पिढ्या मुलांसाठी जपलेत, ते मराठीच आहेत. 1964 मध्ये चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली त्यात अरबी, इंग्लिश, स्पॅनिशसोबत मराठी होती, आणि त्याच वर्षी अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर वेगळा लेख लिहिला. करायचं एवढंच की बाळबोलीवर थांबायचं नाही. मूल 'माऊ दुदू' म्हणालं की आपण 'हो गं, माऊ दूध पितेय' असं पूर्ण वाक्य परत द्यायचं, चूक न दाखवता, हसत. 'अले माज्या छोनुल्या' हे आजी करत असेल तर करू दे, आई-नान्नांनी मात्र शब्द नीट उच्चारावेत, आवाज लाडाचा, सावकाश, लांबवलेला असला तर उत्तमच, मुलं असा आवाज जास्त लक्ष देऊन ऐकतात.

पाळणाघरात घालताना एक कागद लिहून द्या, देवनागरी वाचता येत नसेल तर तिथल्या लिपीत. शी, शू, मंमं, पाणी, बाऊ, जोजो एवढे शब्द आणि त्यांचा अर्थ, बास. परदेशात असाल तर हे अजिबात टाळू नका, कारण इंग्लिश बोलणाऱ्या टीचरला 'शू' म्हणजे बूट वाटणार आणि इकडे चड्डी ओली होणार. आणि स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन मुलांमध्ये 'काका' म्हणजे शी, त्यामुळे काका न्यायला येणार असतील तर टीचरला आधी सांगून ठेवा म्हणजे पोरं का हसतायत ते तिला कळेल.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं कोणीतरी सांगणारच. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा, आणि एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळल्या तर ते अगदी नॉर्मल आहे. पण वर्षाचं होऊनही बडबड नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, असं असेल तर 'दोन भाषा आहेत ना' म्हणून वाट बघत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

भावंडांची नाती मात्र तीन वर्षांनंतरच काढा, फोटो दाखवून. आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ हे सगळे शेवटी भाऊच, मोठा असेल तर दादा. तेलुगूत मावशीची आणि काकांची मुलं अन्ना-अक्का, पण आत्याचा किंवा मामाचा मोठा मुलगा 'बावा' आणि मोठी मुलगी 'वदिना', आणि हेच शब्द मेहुण्याला आणि वहिनीलाही आहेत, कारण तिकडे या नात्यात लग्नं होत आलीत. म्हणून लग्नसमारंभात 'बावाशी लग्न करणार का गं' अशी थट्टा चालते. तुम्हाला ती नको असेल तर मुलीला दादाच म्हणायला शिकवा, आणि ते सासरच्या मंडळींना सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगावं, म्हणजे कोणाचं मन न दुखता थट्टा थांबते.