उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे: दाखला असा दुरुस्त झाला

माझ्या यजमानांनी नोकरी सोडून सोलापुरातच शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम स्वतः सुरू केलं. लेकीची इंजिनिअरिंगची फी शिष्यवृत्तीवर अवलंबून, आणि शिष्यवृत्तीची अट कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असण्याची. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणाऱ्याने यांच्या खात्यात वर्षभरात जमा झालेले ११ लाख सरळ उत्पन्न म्हणून टाकले! कापड, दोरा, बटणं, कारागिरांची मजुरी, वीजबिल हे सगळं त्यातूनच जातं ना?

खरेदीची बिलं महिन्यांप्रमाणे लावली आणि सीएंकडून आयकर रिटर्न भरून घेतलं. छोट्या धंद्याला आयकर कायद्याप्रमाणे रोख जमेवर किमान ८ आणि ऑनलाइन जमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो. आमचा खरा नफा त्याहून जास्त, २ लाख ६० हजार, तोच दाखवला. त्यात माझा पगार मिळवला. तो लपवू नका, नवरा-बायको दोघांचं धरतात. तरीही बेरीज मर्यादेच्या बरीच खाली आली.

रिटर्न, नफ्याची आकडेमोड, माझ्या पगाराचं प्रमाणपत्र आणि स्वयंघोषणापत्र जोडून नवा अर्ज केला. तहसीलचा नवा दाखला मिळाला, तो शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर चढवला आणि लेकीचा अर्ज पुढे गेला.